एकवीस बगळं

ता. ६ जानेवारी १९४६, रविवार

सरकारी वही निराळी. तिच्यात पाण्याची उंची आन पाखरांचा आकडा, एवढंच लिवायचं. जास्त काय लिवलं की कचेरीतला कारकून लाल शाईनं रेघ मारतो. म्हनून ही दुसरी वही. हिच्यात रेघ मारायला कुनाचा बाप येत न्हाई.

माजं नाव कोंडीबा. शाळा तिसरीपातुर. पलटणीत पाच वर्सं, त्यातली दोन बसऱ्याला. फुडं बावीस वर्सं ह्या तलावाचा पाटकरी. पाण्याचं दार उघडायचं, लावायचं, बांधावर नजर ठेवायची. पाखरं मोजायचं काम जुन्या गोऱ्या सायबानं गळ्यात मारलं. त्याला पाखरांचं येड. तलावाच्या उथळ कोपऱ्यात बंदूक उडवायची न्हाई असा त्यानं हुकूम काढला, आन मला म्हनला, रोज सकाळी मोज, खोटं लिवू नको. सायेब इलायतेला गेला. मी अजून मोजतोय.

आज काळ्या पानकोंबड्या दोन इसा, मंजी चाळीस. बदकं तीन इसा. रोहित न्हाईत. लांब तंगड्यांचं, गुलाबी पंखांचं ते पाखरू दरसाली संक्रांतीच्या आत येतं. यंदा उशीर दिसतोय.

धुकं लय.

ता. १३ जानेवारी

आज बी धुकं. दुपारी बारापातुर हटलं न्हाई. माणदेशात असलं धुकं जल्मात बघितलं न्हवतं. लढाईत आभाळात एवढा धूर झाला, त्यो खाली उतरत आसंल.

वाण्यानं शाई पातळ दिली. लढाई संपली, लबाडी संपंना. अक्षर दिसावं म्हनून मोठं काढतोय. पान दोन दिसांत भरतंय.

बदकं एक इसा. रोहित न्हाईत.

ता. १७ जानेवारी

पाण्याची उंची मोजायच्या पट्टीकडं जाताना बांधावरनं पाय घसरला. गुडघ्यापातुर पाण्यात. जनावरं बांधावर चढत्यात, दगड हालत्यात. धुळा धनगराला बोलावून झापला. त्यो म्हनतो, "तात्या, माजी मेंढरं चार म्हयनं झालं खाली कोकणात हायत." मंग दुसऱ्या कुनाची आसतील.

साळूनं धोतर पिळलं आन काय बोलली न्हाई. आमची ही बोलली न्हाई की समजावं, डोक्यात काय तरी शिजतंय.

ता. २० जानेवारी

साळूनं चुना भिजवलाय. सन न्हाई, लगीन न्हाई. कशाला म्हनलं, तर म्हनं तुळशीच्या कट्ट्याला. तुळशीला बादलीभर चुना लागतो व्हय? बायकांचा पसारा. मी जेवून झोपलो.

ता. २२ जानेवारी

आज बरं वाटलं. बांधावर बगळं आल्यात. आमी ऱ्हातो त्या चौकीच्या दारापासनं थेट पट्टीपातुर, रांगेनं. धुक्यात बी ठळक. एकवीस भरलं. दोनदा मोजलं.

लय शिस्तीचं बगळं. अर्धा तास बघत ऱ्हायलो, एक बी हललं न्हाई. त्यांच्या कडंकडंनं चालत पट्टीपातुर गेलो तरी उडालं न्हाईत. मानसाला भ्यायचं सोडलंय. सरकारी वहीत लिवलं.

एक सांगायचं ऱ्हायलं. साळू आता रोज धुणं घेऊन माज्यामागं तलावावर येती. दोन मानसांचं एवढं धुणं कुठनं येतंय कुनाला ठावं. काल तीच हिरवी इरकल धुतली, आज बी तीच. इचारलं तर म्हनती, "मळली हुती." घरात बसून इरकल मळती कशी?

ता. २९ जानेवारी

बगळं एकवीस. रोज एकवीस.

कचेरीचं पत्र आलं. कारकुनाची लिपी मुंगीवानी बारीक, म्हनून नाथाजीकडनं वाचून घेतलं. नाथाजी मंजी खालच्या अंगाचा माळकरी शेतकरी, मानूस चांगला, पन पाण्याजवळच्या जमिनीवर डोळा. पत्रात असं की धान्याची टंचाई हाय. उथळ कोपऱ्यात पाखरं यायची थांबली आसतील तर कोपरा राखून उपेग न्हाई. पाणी काढून गाळात पीक घ्यायला देऊ. नवा ओव्हरशेर येऊन बघनार.

नाथाजी म्हनला, "तात्या, तुमच्याच वहीत रोहित शून्य हाय की."

म्हनलं, "शून्य हाय म्हनून शून्य लिवलंय."

"मी कुठं न्हाई म्हनतोय? मी आपलं शाळू पेरीन म्हनतो."

"पेर की. आदी पाणी उतरू दे. मानूस मेला न्हाई तवर वाटणी मागायची न्हाई."

त्यो हसला. मला हसू आलं न्हाई. बावीस वर्सं राखलेला कोपरा. पन पाखरंच न्हाईत तर माजी काय जिद्द? खोटं लिवून कोपरा राखायचा न्हाई. पलटणीत खोटी हजेरी लिवनाऱ्याचा पट्टा उतरवत हुतं.

ता. ३ फेब्रुवारी

तांबडं फुटायच्या वक्ताला रोहितांचा आवाज आला. लांबनं बायका भांडल्यागत गलका, तेवढाच घोगरा. वळीखतो मी. उटून बघितलं तर पाण्यावर धुकं. वरनं गेलं आसतील दुसऱ्या तलावाला.

साळू म्हनली, "आवं, पल्याड लाल दिसतंय की."

"ते ऊन हाय."

"उनाला तंगड्या असत्यात व्हय?"

म्हनलं तुला काय कळतं पाखरातलं, जा भाकरी बघ. गेली. पन जाताना पदराला गाठ मारत गेली. हा बी नवा नाद. रोज एक गाठ.

ता. १० फेब्रुवारी, रविवार

आजचं नीट लिवायचं, लाजायचं न्हाई.

ओव्हरशेर आला. रामगोंडा नाव, सांगलीकडचा जैन. वयानं कवळा. फाटंच सायकलवर आला, खांद्याला दुर्बीण.

म्हनलं, "बंदूक कुठं ठेवली?"

"आमच्यात मुंगी मारत नाहीत बाबा. बंदूक कुठली?"

साळूनं भाकरी आन दूध फुडं केलं. कांदा ठेवला न्हाई, तिला आपसूक कळलं. त्यो "काकू, भाकरी झकास" म्हनला आन साळू फुलली. मला पस्तीस वर्सांत भाकरी झकास म्हनावं लागलं न्हाई.

बाभळीच्या आडोशाला बसलो. दिवस वर आला. त्याला आवाज सांगत गेलो. डावीकडं टिटवी, अंडी घालायच्या तयारीला लागलीया. लव्हाळ्याच्या बेटात पानकोंबडी. त्यो दुर्बीण फिरवायचा आन म्हनायचा, "बरोबर. बरोबर. बाबा, तुमच्या कानाला दुर्बीण नको." मला बरं वाटलं. तवर बरं हुतं.

मंग त्यानं वही उघडली.

"हे बगळे. रोज एकवीसच?"

"रोज. शिस्तीचं हायत. ते बगा की रांगेनं."

त्यानं बघितलं. लय वेळ बघितलं. मंग दुर्बीण माज्या गळ्यात घातली. "तुम्ही बघा बाबा."

लावली. ताकाच्या गाडग्यात तोंड घातल्यागत सगळं पांढरं.

"काय दिसतंय?"

"धुकं."

"बाबा," त्यो हळूच म्हनला, "धुकं नाही. लख्ख ऊन पडलंय."

पाठीमागं धुणं आपटायचा आवाज थांबला. साळू म्हनली, "ती दगडं हायत. मी चुना लावलाय."

"दगडाला? कशाला?"

"तुमी पडू ने म्हनून. फाटं तुमास्नी कड दिसत न्हाई. पांढरं दिसतंय तेवढं."

वीस दिस सरकारी वहीत दगड लिवलं, खाली सही केली.

"आन रोहित?" म्या इचारलं.

साळूनं पदराची गाठ सोडली. आत चिंचोकं. तिला लिवता येत न्हाई, तर एका इसाला एक चिंचोका धरलावता. वरची सुटी पाखरं मंजी ज्वारीचं दानं. "सात इसा," ती म्हनली. दानं मोजलं. "वर तीन. काल सात इसा वर एक हुतं."

ओव्हरशेर दुर्बीण लावून बसला. व्हट हालत हुतं. लय वेळानं म्हनला, "एकशे त्रेचाळीस."

साळू म्हनली, "आमी तेच सांगितलं."

म्हनलं, आता ही वही घेऊन जा आन माजा पट्टा बी. त्यानं वही मिटून माज्या हातात दिली. म्हनला, "आकडा मार्चअखेर पाठवायचा आहे. पाटकऱ्यानं स्वतः डोळ्यांनी बघून सही केलेला. माझा चालत नाही, काकूंचा चालत नाही, असा कागद आहे. तुमचा आकडा आला तर कोपरा राहील. नाही आला तर मी काही करू शकत नाही. मोतीबिंदू आहे बाबा, माझ्या आज्याला होता. मिरजेला दवाखान्यात काढतात."

सायकलवर बसताना साळूला वाकून नमस्कार केला. मला सलाम केला. सलाम मला लागला.

ता. ११ फेब्रुवारी

शाई पातळ न्हवती.

ता. १३ फेब्रुवारी

साळूला सांगून टाकलं, डोळ्यात सुरी घालू देनार न्हाई. बसऱ्याला डॉक्टर बघितल्यात, डोस्कं दुखलं तरी हात कापायचं.

साळू म्हनली, "ऱ्हाऊ दे. दगडं मोजा रोज. ती कुठं जायाची न्हाईत."

"जिभेला हाड हाय का तुज्या?"

"न्हाई. आन तुमच्या डोळ्याला पडदा हाय. दोगंबी अधू."

मंग बसली शेजारी. म्हनली, वरीस झालं, मला ठावं हाय. चटणीचं गाडगं हलवत न्हवते जागचं. मासा केला की काटं काढून वाढत हुते. तुमी म्हनायचा, यंदा मासं बिनकाट्याचं मिळत्यात.

मी खरंच तसं म्हनलो हुतो. दिवाळीत.

"मंग बोललीस का न्हाई?"

"बोलले आसते तर तुमी वही टाकली आसती. वही टाकल्यावर तुमी काय करनार, बाजंवर बसून मला शाणपन शिकवनार? त्यापरीस धुणं बरं."

जातो म्हनलं. डोळ्यासाठी न्हवं, सहीसाठी.

ता. १७ फेब्रुवारी

उद्या निघायचं. साळू येनार न्हाई. पाण्याचं दार कोन बघंल आन पाखरं कोन मोजंल म्हनती. खरं हाय, पन बायकूनं एवढं खरं बोलू ने.

संगं कोन? नाथाजी. आपनहून आला. म्हनलं, "आरं, मला दिसायला लागलं तर तुजा शाळू बुडंल."

"बुडू दे. दगडाला बगळा लिवनाऱ्या मानसाच्या भरवशावर पेरलेलं पीक मला नको. उद्या माज्या बैलाला हत्ती लिवाल."

रहिमतपूरपातुर मोटार, फुडं आगगाडी. साळूनं भाकऱ्या बांधल्यात. चष्मा मिळंपातुर ही वही बंद.

ता. २९ मार्च, शुक्रवार

ही वळ चष्म्यातनं लिवतोय. भिंग बाटलीच्या बुडावानी जाड. मागली पानं चाळली आन लाज वाटली. वळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात, जत्रंतल्या मानसांगत. एका जागी तर वही सोडून पाटावर लिवलंय, फुडलं अक्षरच न्हाई.

दवाखान्याचं थोडक्यात. एकाच डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा फुडल्या साली. सुरी लागली न्हाई, ढकलल्यागत झालं तेवढं. पन मंग दोन्ही डोळं बांधून उताणं निजवलं, डोक्याच्या दोनी अंगाला वाळूच्या पिशव्या. हलायचं न्हाई, खोकायचं न्हाई. बसऱ्याला खंदकात बरं हुतं, शिव्या तरी देता येत हुत्या.

नववा का दहावा दिस. मला पोचवून माघारी गेलेला नाथाजी गूळ इकायला सांगलीला आला, तसाच मिरजेला आला. म्हनला, "तात्या, काकूनं दिलंय." हातावर फडक्याची पुरचुंडी. डोळं बांधलेलं, तशीच सोडली. बोटानं चाचपलं. चिंचोकं. एक, दोन, तीन... आठ. दानं पाच. मंजी आठ इसा वर पाच. वाढली हुती.

"निरोप काय दिला?" म्हनलं.

"निरोप न्हाई. म्हनली, त्यास्नी कळंल."

पट्टी भिजली. दवाखान्यातली बाई आली आन रागं भरली, रडायचं न्हाई म्हनून सांगितलं हुतं की न्हाई. म्हनलं औषिद गळतंय.

पुरचुंडी रातध्याड मुठीत ठेवली. झोप न्हाई आली की मोजायची.

पट्टी सुटल्यावर घरी आलो, पन चष्म्याबिगर सगळं पुसटच. पुन्ना मिरजेला जाऊन काल चष्मा घेतला. आज घरी पोचलो. दारात साळू हुबी. बघितलं आन थबकलो. केस सगळं पांढरं. गालाला खळगा. हाताला भेगा, एवढं धुणं धुऊन दुसरं काय व्हनार.

म्हनलं, "साळू, म्हातारी झालीस की गं."

"कवाच झाल्ये," म्हनली. "तुमास्नी आज दिसलं."

ता. ३१ मार्च, रविवार

आकडा द्यायचा शेवटचा दिस. रातभर एकच घोर. पाणी आटत चाललंय, ऊन चढलंय, पाखरं उठायचं दिस. साळूनं कालचं चिंचोकं दावलं न्हाईत. म्हनली, उद्या तुमचं तुमी बघा.

तांबडं फुटायच्या आदी दोगं बाहेर पडलो. तिनं आज धुणं घेतलं न्हाई. दारात पहिला दगड. मंग दुसरा. पांढरं, गुडघ्याएवढं, बांधाच्या कडंकडंनं थेट पट्टीपातुर. एका-एका दगडाला तिच्या बोटांचं वळ. पानकळ्यात ढासळलेला भाग हाय तितं दोन दगड जवळजवळ. तितंच मी पडलो हुतो. चालत ऱ्हायलो.

बाभळीच्या आडोशाला बसलो. पळसाला फुलं आल्यात, मला ठावंच न्हवतं. बाभळीचं पान निराळं-निराळं दिसतंय. टिटवी चार अंड्यांवर बसलीया, हातभर लांब. शेकाट्या लाल तंगड्यांनी चिखल मोजत चाललाय. मंग दिस वर आला आन कोपरा पेटला.

हायत. गेली न्हाईत.

डोकं पाण्यात खाली घालून सगळी चरत हुती, चिखलात पाय नाचवत. एक उठलं तर पंखाखालनं जळत्या इस्तवाचा रंग. बावीस वर्सं बघितलं, असं बघितलं न्हवतं. का बघितलं हुतं आन इसरलो, देव जाने.

मोजलं. सावकाश. साळू शेजारी चिंचोकं टाकत हुती.

"पाच इसा वर धा," ती म्हनली.

"वर अकरा."

"धा."

"अकरा. त्या टोकाला बग."

"त्यो बगळा हाय."

"बगळा न्हवं. चोच बग, वाकडी. पिल्लू हाय यंदाचं, अजून रंग आला न्हाई. करडं ऱ्हातंय पहिलं वरीस."

तिनं डोळं बारीक केलं. बघितलं. बघितलं. मंग एक दाना आनिक टाकला. "असंल," म्हनली. साळूच्या तोंडनं "असंल" मंजी सरकारी शिक्का.

मला लय हसू आलं. म्हनलं, "रोहिताला बगळा लिवतीस व्हय?"

"दगडापरीस बरा."

सरकारी वहीत लिवलं: रोहित एकशे अकरा. बगळं चार. चारी उडालं, मी बघितलं. सही केली. जानेवारी-फेब्रुवारीच्या पानांवर रेघ मारून लिवलं, हा आकडा चुकीचा, डोळ्यात मोतीबिंदू हुता, खरी मोजणी बायकू साळूबाई हिची. कारकून हसंल. हसू दे. नाथाजी सोता सायकल काढून वही टपालात टाकायला गेला.

ता. ३ एप्रिल, पाडवा

ओव्हरशेराची चिट्ठी आली. वही मिळाल्या-मिळाल्या मानूसच धाडला. आकडा वर कळवला, कोपरा फुडल्या फाल्गुनापातुर तसाच ऱ्हानार. बंदूक न्हाई, नांगर न्हाई. फुडलं फुडं. नाथाजीला वरच्या अंगाचा गाळ दिलाय, त्यो खूश. म्हनतो तितं पाखरं कमी, शिव्या द्यायला तुमी बी लांब. आकडा साळूबाईंनी बी लिवून ठेवावा, असं चिट्ठीत हाय. साळूला वाचून दावलं. म्हनली, "मला कुठं लिवता येतंय?" म्हनलं, चिंचोकं फोडून आत अक्षर निघंल, शिकवतो. इसाचा आकडा तीन दिसांत येईल. एवढा फुसका जीव न्हाई तुजा.

गुढी उभारली. पोळी झाली. ती लवंडली तवा मी चुना भिजवला.

बाहेर आली आन बघत ऱ्हायली. "आवं, आता कशाला? आता दिसतंय की तुमास्नी."

"परवा ते पिल्लू बघताना तू डोळं बारीक केलंस."

"उनानं."

"धुक्यानं म्हन."

कुंचा घेऊन माज्या फुडं बसली, दगडाच्या दुसऱ्या अंगाला.

सांजच्याला सगळं झालं. एकवीस बगळं, नवं कोरं. एक बी हललं न्हाई.